रद्दी देण्याआधी पहिलं पान उघडा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



नवरात्र झालं, पाऊस गेला, ऊन तापायला लागलं. म्हणजे आपल्याकडे माळे उतरवायचे दिवस आले. भांडी घासून उन्हात पडतील, गाद्या पडवीत येतील आणि चार महिने ओल धरून बसलेल्या कागदांचे गठ्ठे सुतळीनं बांधून दाराशी ठेवले जातील. टेम्पोवाला येईल, ताणकाटा लावेल, पैसे हातात देईल आणि जाईल. घर मोकळं झालं म्हणून आपल्याला बरं वाटेल.

तो टेम्पो दारात यायच्या आधी आज मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, कारण सहा वर्षांपूर्वी मीही असंच घर मोकळं केलं होतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. गावात ते ‘ड्रॉइंग मास्तर’. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला मुलं बसवायची, शाळेच्या भिंतींवर सुविचार रंगवायचे, गणपतीत मखर करायचं आणि मे महिन्यात मुंबईला जाऊन फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं धुंडाळायची, असं त्यांचं आयुष्य. चाकरमानी मुंबईहून गावी यायचे तेव्हा अण्णा उलट्या दिशेनं जायचे. येताना खोकं असायचं. त्यात चित्रांची, शिल्पांची, लेण्यांची, इमारतींची पुस्तकं. बरीचशी इंग्रजी, काही मराठी. सासूबाई दारातच विचारायच्या, “ह्या खेपेला किती?” आणि अण्णा हात धुवायला मागीलदारी निघून जायचे.

अण्णा गेले. पुढच्या वर्षी आम्ही घराची कौलं काढून वासे बदलायला घेतले. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे होत्या. माळ्यावरची खोकी खाली आली. पाठी सुटलेल्या, पानांना बुरशीचे डाग, काही ठिकाणी कसर लागलेली. सुतार खोळंबलेले, पाऊस तोंडावर. मी चार गोण्या भरल्या. रद्दीचे तीनशे दहा रुपये आले. त्यातून सुतारांचा दोन दिवसांचा चहा-नाश्ता झाला, हे मला अजून आठवतं.

दीडेक वर्षानं एक मुलगी आली. सावर्ड्याच्या चित्रकला महाविद्यालयात शिकणारी. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आमच्या मास्तरांकडे धुरंधरांचं आत्मचरित्र आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर हे मूळ कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १८९० साली विद्यार्थी म्हणून गेले आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिले. त्यावर त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. ते १९४० साली निघालं. त्या मुलीला ती जुनी आवृत्ती हातात घेऊन बघायची होती, त्यातली चित्रं पाहायची होती. मला ते पुस्तक आठवलं. पाठ सुटलेलं, सुतळीनं बांधलेलं. दुसऱ्या गोणीत मीच घातलं होतं.

“नाही गं, आमच्याकडे नाही,” एवढंच मी म्हटलं. आतल्या खोलीत सासूबाईंनी ऐकलं. मुलगी गेल्यावर त्यांनी फडताळातून एक वही काढली. अण्णांची वही. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखलेले: तारीख, पुस्तक, किंमत आणि शेवटी ‘शेरा’. १९६८ सालच्या मे महिन्यात लिहिलं होतं, ‘धुरंधर, ९ रुपये.’ शेऱ्यात होतं, ‘पाटल्या पुढील वर्षी.’ मी पानं उलटत गेले. कुठे शेरा ‘छत्री राहिली’, कुठे ‘हिचं माहेरचं भाडं’. पाटल्या मात्र तीन वेळा पुढच्या वर्षावर गेल्या होत्या आणि पुढे त्यांचा उल्लेखच नव्हता.

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “पुस्तकं त्यांची खरी, पण पैसे माझ्या पाटल्यांचे होते. मला एकदा विचारायचं होतंस.”

मैत्रिणींनो, त्या दिवसानंतर मी या विषयाची माहिती काढायला लागले. उरलेली दोन खोकी उघडली, जाणत्यांना विचारलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांशी बोलले. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते.

पहिला प्रश्न असा की रद्दीच्या भावात जाणाऱ्या या पुस्तकांना किंमत का येते? कथा-कादंबरीचं पुस्तक संपलं तर प्रकाशक पुन्हा छापतो. चित्रांच्या आणि वास्तुकलेच्या पुस्तकाचं तसं नसतं. त्याला जाड गुळगुळीत कागद लागतो, रंगीत छपाई लागते, पूर्वी तर प्रत्येक चित्राचा ठसा वेगळा करावा लागे. खर्च फार, म्हणून प्रती थोड्या. एकदा संपल्या की पुन्हा छापायला कुणी धजत नाही. ज्या थोड्या प्रती असतात त्यांतल्या काही पावसात जातात, काही वाळवी खाते, काहींची चित्रं कापून लोक भिंतीवर लावतात. इकडे शिकणारी मुलं, अभ्यासक आणि संग्रहालयं मात्र वाढत जातात. माल घटतो, मागणी वाढते, भाव चढतो. मासळीबाजारात जो नियम तोच इथे.

परदेशातलं एक उदाहरण सांगते, कारण त्यात दोन बायका आहेत. अमेरिकेत १९७२ साली ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ नावाचं वास्तुकलेचं पुस्तक निघालं. तिघांनी लिहिलेलं, त्यांतल्या एक डेनिस स्कॉट ब्राऊन. पुस्तकाची मांडणी म्युरिएल कूपर या बाईंनी केली होती, चांगलं मोठ्या आकाराचं, देखणं. पण लेखकांनाच ती मांडणी पटली नाही. १९७७ साली त्यांनी पुस्तक लहान आकारात, साध्या रूपात पुन्हा काढलं. मजकूर सगळीकडे मिळू लागला, पण ते पहिलं मोठं पुस्तक दुर्मिळ झालं आणि संग्राहक त्यासाठी भारी पैसे मोजू लागले. शेवटी २०१७ साली प्रकाशकांनी त्या पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रत छापली. म्हणजे ज्याला फक्त वाचायचंय किंवा बघायचंय त्याची सोय झाली. पण १९७२ ची खरी प्रत ती खरी प्रतच. हा फरक लक्षात ठेवा: मजकुराची किंमत वेगळी आणि त्या वस्तूची किंमत वेगळी.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९४६ साली मुल्कराज आनंद यांनी ‘मार्ग’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. मार्ग हा आपला शब्द, पण त्यातली इंग्रजी अक्षरं म्हणजे ‘मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’. वास्तुकला, शिल्प, चित्र यांवरचे त्याचे जुने अंक आज शोधले जातात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं चित्र रामायण १९१६ चं. ‘विमेन ऑफ इंडिया’ नावाचं १९२० सालचं इंग्रजी पुस्तक आहे. भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या जातीजमातींच्या बायकांवरचं. मजकूर एका गोऱ्या साहेबाचा, त्यातली मतं आज वाचताना आपल्याला खटकतील, पण चित्रं आपल्या धुरंधरांची, ४८ रंगीत चित्रं.

आणि अगदी आपल्या अंगणातलं उदाहरण. अच्युत कानविंदे हे भारतातल्या नामवंत वास्तुविशारदांपैकी एक. कानपूरच्या आयआयटीच्या इमारती त्यांच्या. ते १९१६ साली आचऱ्याला जन्मले. आचरं आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. जे. जे.मध्ये शिकून ते अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी जेम्स मिलर यांच्याबरोबर विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या आवारांच्या रचनेवर ‘कॅम्पस डिझाइन इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, १९६९ साली. आज ते जुन्या बाजारातच शोधावं लागतं. कोकणातल्या एखाद्या कपाटात त्याची प्रत असेल तर त्या घराला त्याची कल्पना असेल का, मला शंका आहे.

सरकारी पुस्तकांकडेही बघा. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीची २९ लेणी तुम्ही पाहिली असतील. त्यांवर म. न. देशपांडे यांनी लिहिलेलं पुस्तक पुरातत्त्व विभागानं १९८६ साली काढलं. सरकारी प्रकाशनं छापतात तेव्हा स्वस्त असतात, दिसायला साधी असतात, म्हणून आपण त्यांना सरकारी अहवाल समजून बाजूला टाकतो. पण आपल्याच जिल्ह्यातल्या लेण्यांवरचं असं पुस्तक पुन्हा कुठे मिळणार?

या पुस्तकांचं मोल निव्वळ पैशाचं नाही, हे मला अजिंठ्याच्या गोष्टीवरून पटलं. रॉबर्ट गिल नावाच्या साहेबानं वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे १८७२ पासून जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या भारतीय विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली पुन्हा आग लागून त्यांतल्या बऱ्याच गेल्या. पण ग्रिफिथ्सनी १८९६-९७ साली त्यांवर दोन मोठे खंड छापले. इकडे लेण्यांतला रंग झडत गेला, तिकडे नकला जळाल्या. काही चित्रं कशी होती हे बघायचं तर ते खंडच उघडावे लागतात. वस्तू गेली तरी छापलेलं पान टिकू शकतं, पण ते कुणीतरी टिकवलं तर.

आता सावधगिरीची गोष्ट. हे ऐकून उद्या कुणी कपाटभर पुस्तकं घेऊन मुंबईची गाडी पकडू नका. जुनं ते सगळं सोनं नसतं. शाळा-कॉलेजची पाठ्यपुस्तकं, हजारोंनी छापलेले धार्मिक ग्रंथ, लेदरसारख्या बांधणीतले विश्वकोशाचे संच, कितीही जुने असले तरी बाजारात त्यांना फारसं कुणी विचारत नाही. आणि ज्याला किंमत आहे त्याचेही पैसे लगेच होत नाहीत. सोन्याची अंगठी घेऊन सोनाराकडे गेलं तर आजचा भाव कळतो आणि संध्याकाळच्या आत पैसे हातात येतात. पुस्तकाला भाव लिहिलेला नसतो. ते नेमकं हवं असणारा माणूस भेटावा लागतो, त्याला वर्षही लागेल. म्हणून कर्ज काढून किंवा भिशीचे पैसे घालून पुस्तकं साठवू नका. आवडतं म्हणून घ्यावं, जपावं आणि पुढे किंमत आली तर ती वरकड समजावी.

मग घरातलं पुस्तक तपासायचं कसं? त्याला इंग्रजी यावंच लागतं असं नाही.

आधी मुखपृष्ठ सोडून आतलं पहिलं पान उघडा आणि ते उलटून त्याच्या मागे बघा. तिथे प्रकाशक, छापखाना, साल आणि आवृत्ती लिहिलेली असते. जुन्या मराठी पुस्तकांत साल शके असतं. त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन मिळतो. शके १८६२ म्हणजे १९४०. ‘आवृत्ती पहिली’ असं दिसलं किंवा आवृत्तीचा उल्लेखच नसला तर ते पुस्तक बाजूला ठेवा.

मग चित्रं मोजा. पुढच्या पानांत चित्रांची यादी असते. यादीत ४८ आणि पुस्तकात ४८, तर पुस्तक पूर्ण. एक जरी कापलेलं असलं तरी किंमत बरीच उतरते. घडी घातलेले नकाशे, इमारतींचे आराखडे शेवटी चिकटवलेले असतात, तेही उलगडून बघा. वरचं सुटं कागदी वेष्टन फाटकं असलं तरी टाकू नका. आपण ते मळलं म्हणून पहिल्यांदा फेकतो आणि संग्राहक पहिल्यांदा तेच विचारतात.

नंतर हातानं लिहिलेलं काही आहे का बघा. चित्रकाराची सही, कुणी कुणाला भेट दिल्याची ओळ, मधे ठेवलेलं पत्र, आमंत्रणपत्रिका. हे काढून टाकू नका, खोडू नका.

आणि शिक्का बघा. वाचनालयाचा शिक्का असेल आणि त्यावर पुस्तक बाद केल्याची नोंद नसेल तर ते पुस्तक आपलं नाही. आपल्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. इतक्या जुन्या संस्थांची पुस्तकं घरोघरी राहून जातात, त्यात बहुधा वाईट हेतू नसतो. पण ती परत करावीत. अण्णांच्या खोक्यात आम्हाला एका वाचनालयाची दोन पुस्तकं सापडली. मी स्वतः नेऊन दिली. ग्रंथपाल बाई आधी हसल्या आणि मग त्यांनी मला चहा पाजला.

आता जपणुकीचं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, तेव्हा पुस्तकाचा पहिला शत्रू ओल. चिऱ्याची भिंत ओल ओढते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि खालचा खण रिकामा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत बाष्प धरतं. आपल्या आज्या पोथ्या बासनात बांधायच्या. धुतलेल्या, मऊ सुती कापडाचं बासन हाच उत्तम उपाय. धुऊन धुऊन विरलेलं धोतर किंवा सुती साडी त्याला चालते. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून खणात ठेवा. डांबरगोळ्या पानांना टेकू देऊ नका. ऑक्टोबरच्या या दिवसांत कपाटं उघडून पुस्तकं वाऱ्याला लावा, पण सावलीत. उन्हात रंग उडतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि पिवळा डाग कायमचा राहतो.

एक गोष्ट खास चित्रांच्या पुस्तकांची. त्यांचा गुळगुळीत कागद भिजला आणि तसाच मिटून वाळला तर पानं एकमेकांना चिकटून वीट होते. मग ती सुटत नाहीत. पुस्तक भिजलं तर वाळायच्या आधी पानापानांत बटर पेपर घाला, पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवा, कागद बदलत राहा. एकदम जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. हे ऐकून मलाही हसू आलं होतं, पण जाणकार हेच करतात. गोठवलं की बुरशी थांबते आणि आपल्याला सवड मिळते.

विकायचं ठरलंच तर चार गोष्टी पाळा. एक, सगळं एकदम दाखवा पण एकदम देऊ नका. आधी यादी करा: नाव, लेखक, साल, चित्रं किती, अवस्था कशी. मोबाइलवर फोटो काढा. दोन, किमान तिघांना विचारा. नेटवर एखाद्या पुस्तकापुढे मोठा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नका, ती मागितलेली किंमत असते. ती कुणी दिली का, हा प्रश्न वेगळा. तीन, संच फोडू नका. दोन खंडांतला एक गेला की उरलेला पोरका होतो. आणि चित्रं कापून सुटी विकायचा मोह तर अजिबात नको. चार, घरात हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्या, कागदपत्रं असतील तर ती अमेरिकेतल्या भाच्याबरोबर भेट म्हणून पाठवू नका. ७५ वर्षांवरची हस्तलिखितं आणि शंभर वर्षांवरच्या कलावस्तू यांना १९७२ चा कायदा लागू होतो. परवानगीशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या छापील ग्रंथाबद्दलही आधी पुरातत्त्व विभागात विचारून घ्या.

आमच्या उरलेल्या दोन खोक्यांचं काय झालं, ते सांगते आणि थांबते.

त्यांत ‘मार्ग’चे एकोणीस जुने अंक निघाले. सासूबाई खुर्चीत बसल्या, मी एकेक अंक दाखवत गेले, वहीतली नोंद वाचत गेले. त्या प्रत्येकाला काहीतरी म्हणायच्या. “हा आणला तेव्हा धाकटा पोटात होता.” “ह्याच्यावरून दोन दिवस बोलले नव्हते.” यादी झाली. एका विक्रेत्याला त्यांतले चारच अंक हवे होते आणि त्या चारांचा भाव त्यानं चांगला सांगितला. दुसऱ्याला सगळे हवे होते, पण त्याचा भाव आम्हाला फार कमी वाटला. मग वास्तुकलेच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयानं सगळे एकत्र मागितले. त्यांची रक्कम अंकामागे पहिल्यापेक्षा कमी होती, दुसऱ्यापेक्षा जास्त होती. मी सासूबाईंना विचारलं. या वेळी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “मुलं बघतील तिथे दे.”

रक्कम किती ते सांगत नाही, नाहीतर तुम्ही उद्याच माळ्यावर चढाल. पैसे सासूबाईंच्या खात्यात भरले. मी म्हटलं, “आई, आता पाटल्या करू या.” त्यांनी मनगट पुढे केलं. “ह्या काड्यांत घालून काय करू? नातीच्या फीला ठेव.” पण आठवड्यानं त्यांनीच मला पेढीवर नेलं आणि पाटल्या नाहीत तरी दोन बारीक बांगड्या घेतल्या. घरी येऊन अण्णांची वही काढायला लावली. १९६८ च्या त्या ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्यांनी स्वतःच्या हातानं तारीख घातली.

कानविंदेंचं ‘कॅम्पस डिझाइन’ मात्र आम्ही विकलं नाही. ते अण्णांना निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या एका विद्यार्थ्यानं दिलेलं आहे. तो पुढे आर्किटेक्ट झाला. पहिल्या पानावर त्यानं लिहिलंय की मास्तरांनी हातात पेन्सिल धरायला शिकवलं म्हणून हे पुस्तक वाचता आलं. त्या ओळीनं बाजारातला भाव वाढतो की घटतो, मी कुणाला विचारलेलं नाही. ते बासनात बांधून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलंय. दरवर्षी या दिवसांत काढते, वाऱ्याला लावते, परत बांधते.

आणि सावर्ड्याच्या त्या मुलीचा नंबर मी जपून ठेवलाय. गावातल्या रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय, सुतळीनं बांधलेलं, पाठ सुटलेलं, धुरंधरांचं नाव असलेलं पुस्तक दिसलं तर तोलू नको, मला फोन कर. आता त्यालाही सवय लागलीय. कधीकधी भलतंच काहीतरी घेऊन येतो आणि विचारतो, “वहिनी, हे बघा हो, ह्यात चित्रं आहेत.” दोनदा त्यानं आणलेलं खरोखरच ठेवण्यासारखं निघालं.

तर मैत्रिणींनो, या दिवाळीच्या आवरासावरीत एवढंच करा. गठ्ठा बांधायच्या आधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान उघडा. आणि घरात कुणी वडीलधारी बाई असेल तर तिला शेजारी बसवा आणि विचारा, हे कधी आणलं होतं?